करणची मतं

करण राठोडला मान वळवता येत होती, उजवा खांदा थोडासा उचलता येत होता आणि मतं देता येत होती. बाकीचं सगळं दुसऱ्यांच्या हातात गेलं होतं. त्यातही बहुतेक रंजीताच्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ते घडलं. करण पुण्यात, गाण्याच्या कार्यक्रमांचे स्टेज उभे करणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होता. लोखंडी सांगाड्यावर चढायचं, दिवे आणि स्पीकर टांगायचे, कार्यक्रम संपला की सगळं उतरवून ट्रकात भरायचं. तिथल्या एका साउंडवाल्याच्या नादाने त्याला रॉक आणि हिप हॉप ऐकायची चटक लागली. त्या माणसाने त्याचं मेमरी कार्ड अल्बमांनी भरून दिलं आणि एकच अट घातली, की अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, मधूनच उड्या मारायच्या नाहीत. करणने ती अट देवाच्या नेमासारखी पाळली. मग एका संध्याकाळी ओल्या सांगाड्यावरून त्याचा पाय सुटला. पट्टा बांधलेला नव्हता. मान मोडली, जीव राहिला.

दवाखान्यातून तो आला तो थेट वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाजवळच्या बंजारा तांड्यावर, आईच्या घरातल्या खाटेवर. रंजीताचा भाऊ लालसिंग रिसोडहून येऊन म्हणाला होता, "चाल घरी. तुह्यं सारं आयुष्य पडलं आहे." ती गेली नाही. का गेली नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि स्वतःशीही कधी नीट बोलली नाही.

सकाळी त्याचं अंग पुसायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायची, भरवायचं, परत कूस बदलायची. सासू सोनीबाई, जिला घरात सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत, तीही करायची, पण तिच्या कंबरेत आता जोर नव्हता. आणि या सगळ्या कामांच्या यादीत एक काम असं होतं, जे सुरुवातीला रंजीताला सगळ्यात नकोसं वाटायचं. करणला अल्बम लावून द्यायचे.

बोलून फोन चालवायची सोय असते म्हणे. मालेगावला इलेक्ट्रिकच्या दुकानात काम करणारा त्याचा मित्र नवीन, त्याने ती लावूनही पाहिली. पण तांड्यावर नेट कधी असे, कधी नसे, आणि करणचा आवाज इतका बारीक झाला होता, की तो बोलायचा एक आणि फोन ऐकायचा दुसरंच. छातीखालचं अंग साथ देत नसल्यामुळे त्याला जोरात ओरडताही येत नव्हतं. त्यामुळे फोन रंजीताच्या हातात. नवीनने एक छोटा स्पीकर आणून दिला होता, तो फळीवर.

"हे काय गाणं आहे?" पहिल्यांदा ती म्हणाली होती. "कोनाले मारून राह्यले का?"

"आयक तं खरी," करण म्हणाला. "चार गाणी झाली की कान उघडतात."

तिचे कान चौथ्या गाण्याला उघडले नाहीत. पण खोली एकच. स्वयंपाक तिथेच, कपड्यांच्या घड्या तिथेच. ऐकायचं नाही म्हटलं तरी जाणार कुठे? इंग्रजी नावं तिला लक्षात राहत नसत, म्हणून तिने फोनवरची चित्रं पाहून अल्बमांना आपली नावं पाडली. एकावर रेल्वेचा बोगदा होता, तो 'बोगदा'. एकावर गच्चीत खुर्ची टाकून बसलेला माणूस, ती 'गच्ची'. पुढे करणही तीच नावं घेऊ लागला.

बोगदा हा त्याचा सगळ्यात लाडका. परदेशातल्या चार जणांच्या एका रॉक बँडचा. गाणाऱ्याचा आवाज फाटका, जुन्या पत्र्यासारखा. शेवटचं गाणं नुसत्या गिटारचं, लांबच लांब.

"पाह्य," करण समजावून सांगायचा, "हा माणूस गाण्यागाण्यात थकत जाते. शेवटी गातच नाही. काहून? त्याच्यापाशी बोलाले काही उरलंच नाही. नुसतं गिटार. असा शेवट कराले हिंमत लागते. बाकीचे शेवटी मोठ्यानं ओरडतात."

रंजीता भाकरी थापत होती. ती सहज म्हणाली, "मले तं वाटते तो बोगद्यातून बाहेर निघून गेला. म्हणून आयकू येत नाही."

करणने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "नाई. गाडी बंद पडली."

"तुमाले वाटते तसं. मले वाटलं ते म्या सांगतलं."

त्या दिवशी तो खूश होता. कुणीतरी त्याला नाही म्हटलं होतं. पडल्यापासून त्याला कुणी नाही म्हणत नसे. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या हो ला हो करायचा आणि डोळे पुसत निघून जायचा. रंजीता मात्र भांडू लागली. गच्ची हा अमेरिकेतल्या एका गड्याचा हिप हॉप अल्बम. तो आपल्या मेलेल्या आईशी बोलावं तसं, आवाज न चढवता बोलत जायचा. करणच्या मते तो दुसऱ्या नंबरचा. "रॉकवाला दुःख सांगते तं भिंत फोडते. हा खुर्चीवर बसून सांगते. दोन्ही पाह्यजेत माणसाले." रंजीताच्या मते तो पहिला, कारण शब्द कळले नाहीत तरी माणूस कळतो. यावर त्यांची आठवडाभर चकमक चालली. ती त्याची घाण काढताना, तो तिच्या हातात पडलेला असताना, दोघं बरोबरीने बोलू शकत असं तेवढंच उरलं होतं.

करणला न आवडणारेही अल्बम होते, आणि त्यांच्याबद्दल तो जास्त मन लावून बोलायचा. नवीनने एकदा हौसेने आणलेला, बैलाच्या शिंगांचं चित्र असलेला एक अल्बम होता. अर्धा रॉक, अर्धा हिप हॉप. त्यात एक जण भराभर बोलायचा आणि दुसरा दर थोड्या वेळाने घसा फाडून किंचाळायचा. "दोन घरचा पाव्हना, उपाशी राह्यला," करणने निकाल दिला. "आणि हा किंचाळणारा तं पगारी आहे. त्याले कुठंच दुखत नाही. बंद कर." तो अल्बम पुन्हा लागला नाही.

मग नवीननेच एका पोरीचा अल्बम आणला. नागपूरची, स्वतःच लिहिणारी, हिंदीत मराठी मिसळून रॅप करणारी. पहिल्याच गाण्यात ओळ म्हणता म्हणता तिला खोकला येतो आणि तो तसाच ठेवलेला आहे. रंजीताने तिचं नाव खोकलीवाली ठेवलं. पहिल्यांदाच तिला शब्दन् शब्द कळत होता. एका गाण्यात ती बाई भर दुपारी पिशवी उचलून नवऱ्याच्या घरातून निघते, आणि सगळी गल्ली जागी असूनही तिला कुणी विचारत नाही, कुठं चालली म्हणून. ते गाणं आलं की रंजीताचे हात थांबायचे.

"खोकला कापता येत नव्हता का?" करण म्हणाला. "साउंडवाले झोपले होते? मुद्दाम ठेवला. आपण किती खऱ्या, हे दाखवाले."

"तिले खोकला आला, ती खोकलली. तुमी खोकलता तवा मी कापून टाकतो का?"

करण हसला. हसताना त्याचा श्वास अडकायचा, मग तिला त्याची छाती दाबावी लागायची. तिने दाबली. त्या वेळी तरी सगळं ठीक होतं.

आश्विनात सोयाबीनची सोंगणी आली. मजूर मिळेनात, आणि तांड्याला लागून असलेल्या एका शेतात याडी आणि रंजीता दोघी जाऊ लागल्या. शेजारच्या जमनाबाईला सांगून ठेवलेलं होतं. म्हातारी अंगणातच बसलेली असे, करणने हाक मारली की उठून यायची. दुपारी जेवायच्या सुटीत रंजीता पळत घरी यायची, त्याची कूस बदलायची, पाणी पाजून परत जायची.

सोंगणीने दोघी मोडून गेल्या होत्या. अशाच एका संध्याकाळी रंजीताने चूल पेटवता पेटवता, त्याला न विचारता, खोकलीवाली लावली. तिने आपल्यासाठी काही लावायची ही पहिलीच वेळ. करण दिवसभर एकटा पडून होता. बोलायला माणूस मिळेल म्हणून तो संध्याकाळची वाट पाहत असे, आणि आता त्याच्याऐवजी ती पोरगी बोलत होती.

"बंद कर ते."

"हे एक गाणं होऊ द्या."

"कोनतं, पिशवीवालं? तेच पाह्यजे तुले. म्हणूनच तुले ते आवडते. गाण्यातलं काही कळते म्हणून नाही. तुले बी जायचं आहे. जाय ना मंग. लालसिंगले फोन लाव."

रंजीता चुलीपासून उठली. तिने फोन बंद केला, भाकरी केल्या, त्याला भरवलं. याडी दारात बसून हे सगळं ऐकत होती, पण नवरा-बायकोच्या मध्ये ती पडत नसे.

सकाळी ती त्याचं अंग पुसत होती तेव्हा करणला वाटलं असेल, की कालचं मिटवावं. पण त्याला ते जमलं नाही. तो म्हणाला, "तुह्ये हात काहून असे झाले? खरबरीत लागतात मानेले. पयले कसे मऊ होते."

त्याच्या मनात काय होतं देव जाणे. रंजीताच्या हातांना सोयाबीनच्या शेंगांनी चिरा पडल्या होत्या, त्यांत मीठ लागावं तसं तिला झालं. तिने त्याला चहात बुडवून बिस्कीट भरवलं, पण नेहमीसारखं तोंड पुसलं नाही. चहा ओठांवरून मानेवर आणि उशीवर ओघळला, तसाच राहिला.

"बोगदा लावून दे जाताना," करण म्हणाला.

तिने फोन घेतला. शिंगांच्या चित्रावर बोट ठेवलं. संपला की पुन्हा सुरू होईल असं केलं, स्पीकरचा आवाज होता तितका वाढवला, फोन फळीवर ठेवला आणि विळा घेऊन बाहेर पडली. पाठीमागे पहिलं किंचाळणं सुरू झालं. त्यातून करण काहीतरी म्हणत होता. तिने वळून पाहिलं नाही.

शेतात पहिले दोन तास तिला हलकं वाटलं, हे खरं. वाकून कापताना तिच्या मनात यायचं, आता तिसरं गाणं लागलं, आता पाचवं, भोगा म्हणावं. नंतर ऊन चढलं तसं ते हलकेपण गेलं. मधेच उठून जावंसं वाटलं, पण काय सांगून जाणार? याडीने विचारलंच, "आज काय लावून आली त्याले? इथपर्यंत आवाज येते."

"त्याचंच आहे," ती म्हणाली.

सुटी झाली तशी ती निघाली. घराजवळच्या लिंबाशी आली तेव्हा अल्बम चालूच होता, कितव्यांदा कोण जाणे. भराभर बोलणारा बोलत होता. सकाळपासून शेतात तोच तो ऐकून अल्बम तिलाही पाठ झाला होता. या गाण्यात किंचाळणं अगदी शेवटी येतं, आता नाही. आणि बोलणाऱ्याच्या आवाजाखालून एक बारीक, घोगरा, तुटक आवाज येत होता. ह्या जागी ओरडणं नसतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती धावत सुटली.

जमनाबाई अंगणात बसून तूर निवडत होती. "काहून पळून राह्यली व?" ती म्हणाली. "तो तं मजेत आहे. सकायपासून गाण्यासंग ओरडून राह्यला."

उशीवर लाल मुंग्या होत्या. भिंतीच्या फटीतून निघालेली रांग खाटेच्या पायावरून वर चढून चहाच्या ओघळापर्यंत गेली होती, आणि तिथून त्याच्या मानेवर, कानात, ओठांच्या कोपऱ्यात, डाव्या डोळ्याच्या पापणीवर. डोळा सुजून बंद झाला होता. तो मान इकडून तिकडे आपटत होता. तेवढंच त्याला करता येत होतं. रंजीताने आधी स्पीकर ओढून जमिनीवर फेकला. मग हातांनी, पदराने, पाण्याने मुंग्या काढू लागली. कान धुतला, डोळा धुतला. कूस बदलायला उलटा केला, तेव्हा तिला दिसलं. पाठीच्या खालच्या बाजूला, जिथे पडून राहून लहानशी जखम झाली होती, तिथेही मुंग्या भरल्या होत्या. तिथलं त्याला काही जाणवत नव्हतं. त्याला ते सांगायची तिची हिंमत झाली नाही.

करण रडत नव्हता. उघड्या राहिलेल्या डोळ्याने तो तिच्याकडे पाहत होता.

याडी मागोमाग आली. पोराचं तोंड पाहून तिने आधी कपाळ बडवलं, मग जमनाबाईवर धावून गेली. "बहिरी झाली का तू? माह्या लेकराले मुंग्या खात होत्या आणि तू तूर निवडत होती?" जमनाबाई रडू लागली. मग याडी वळली. "कोनं लावलं एवढ्या मोठ्यानं? रंजे?"

"म्या सांगतलं होतं, याडी," खाटेवरून करणचा घोगरा आवाज आला. "मीच म्हटलं, मोठ्यानं लाव. तिचा काही कसूर नाही."

रंजीता त्याच्या मानेखालची उशी काढू लागली.

वाशीमच्या दवाखान्यात त्यांची दिवाळी गेली. डोळा वाचला. पाठीची जखम मात्र चिघळली, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की अशा माणसाची अशी जखम भरून येणं कठीण असतं, जपा. ते घरी आले. रंजीताने खाटेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, भिंतीच्या फटी मातीने लिंपल्या. शेतात जाणं बंद केलं.

एवढं झाल्यावर तो बोलेल, शिव्या देईल, अशी तिची अपेक्षा होती. करण काहीच बोलला नाही. अल्बम मागेना. तिने आपणहून बोगदा लावला, हळू आवाजात. संपल्यावर विचारलं, तर म्हणाला, "चांगला आहे." गच्ची लावली. "चांगला आहे." खोकलीवालीलाही चांगला आहे. नवीन मुद्दाम एक नवा अल्बम घेऊन आला, इतका टुकार की करण तासभर तरी त्याची सालटी काढेल. करणने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "बरा आहे, भौ."

बाहेर गाडीला किक मारताना नवीन म्हणाला, "वयनी, हा आपला करण नाही. याले झालं काय?"

तिने मान हलवली. घरात येऊन तिने फोन उचलला, बोगद्याचं मधलंच एक गाणं लावलं. मग ते अर्ध्यावर तोडून दुसरं. मग शेवटचं. पूर्वी अशी एक उडी मारली असती तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. करण डोळे मिटून पडला होता.

"द्या ना शिवी," ती ओरडली. "काहून गप्प पडले? म्हना काही तरी!"

"काय म्हनू? तुले लावायचं ते लाव."

"म्या मुद्दाम लावलं होतं त्या दिवशी. तुमाले मायत आहे."

"मायत नसाले काय झालं? दिवसभर तेच आयकत होतो ना मी."

"मंग याडीले खोटं काहून सांगतलं?"

करणने डोळे उघडले. "खरं सांगतलं असतं तं याडीनं तुले घरात ठेवलं असतं? आणि तू गेली तं मले उचलीन कोन? तिची कंबर गेली. नवीन येते महिन्यातून एक खेप." तो श्वास घ्यायला थांबला. "तुले वाटलं असन म्या तुले वाचवलं. तसं नाही. म्या माह्यं पाह्यलं."

रंजीताने फोन फळीवर ठेवला.

"मत द्याले उठून जाता आलं पाह्यजे, रंजे," तो पुढे म्हणाला. "नाही आवडलं तं बंद करता आलं पाह्यजे. मी काय, आवडलं तरी पडून, नाही आवडलं तरी पडून. इतके दिवस मी उगाच बडबडलो. आता गाणं सुरू झालं का मले भ्या वाटते. आवाज चालू आहे तवर आपलं कोनाले आयकू जात नाही, एवढंच डोक्यात येते. मंग आयकू काय?"

दुसऱ्या दिवशी तिने नवीनला फोन करून बोलावलं. तिला काय हवं ते तिलाच नीट सांगता येईना. शेवटी म्हणाली, "त्याईले बंद करता आलं पाह्यजे. त्याईच्या त्याईले." नवीनने दुकानातून विजेवर चालणारा जुना स्पीकर आणला, आणि पूर्वी घरोघरी असायचा तसा दोरी ओढायचा खटका. छताच्या पाइपावरून दोरी घेतली आणि करणच्या तोंडाशी सोडली. करण पाहत होता. आधी गप्पच होता, मग त्याला राहवेना.

"गाठ चुकली," तो म्हणाला. "अशी सुटन. खाली वजन दे थोडं, नाही तं पंख्यानं उडन. आणि सरळ नको टांगू, डाव्या अंगाले घे, मले तिकून मान वळते." स्टेजवर असल्यासारखा तो हुकूम सोडत गेला, आणि नवीन मुकाट्याने करत गेला. दोरी दातांत धरून मान वळवली की खटका बसायचा आणि स्पीकर मरायचा. दोरीला एक घुंगरूही बांधलं. तेवढं वाजलं की माणूस यायचं.

रंजीताने खोकलीवाली लावली. पोरगी पहिली ओळ म्हणाली, दुसरी म्हणाली, खोकली, आणि खट्.

"भपका," करण म्हणाला.

रंजीताला राग आला, खराखुरा. आणि तो आल्याचं तिला बरं वाटलं.

थंडी पडली तोवर ते चांगलं चाललं. काही दिवस तो भीतीनेच खटका ओढायचा, नुसतं बंद होतं ना ते पाहायला. मग एक गाणं पुरं ऐकू लागला, मग अल्बम. भांडणंही परतली. पण जखम भरत नव्हती. रोज कापसाने धुताना रंजीताला ती आणखी आत गेलेली दिसायची, आणि तिचा वास खोलीत राहू लागला. ताप येऊन जाऊन होता.

एका दुपारी याडी बाहेर उन्हात बसली असताना करणने चालू गाणं दोरी ओढून थांबवलं आणि म्हणाला, "तू जावं असं मले वाटते."

"परत सुरू झालं का तुमचं?"

"रागानं नाही म्हनून राह्यलो. तवा रागानं म्हटलं होतं. आता इचार करून म्हनून राह्यलो. तू लालसिंगकडं जाय. याडी आणि मी करू काही तरी. एखादी बाई ठेवू. हे माह्यं मत आहे. तुले पटलं पाह्यजे असं नाही."

ती हातातलं फडकं पिळत राहिली. त्याला वाटलं ती भांडेल. भांडायची तिला सवय होती, त्याच्या प्रत्येक मताला तिच्याजवळ उत्तर असायचं. पण या वेळी तिच्या तोंडून हो निघेना की नाही निघेना. खोकलीवालीचं ते गाणं ऐकताना हात का थांबायचे, हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं. तिने घागर उचलली आणि ती पाण्याला गेली. हापशीवर बराच वेळ बसून राहिली. परत आली तेव्हा करण झोपला होता. पुढे तिने विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही.

माघात ताप चढला तो उतरला नाही. वाशीमहून त्याला अकोल्याला हलवलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. शेवटचे दिवस तो बरळत होता. गाण्यांचं काही नाही, नुसतं कामाचं. वर बघ, नट आवळ, हात सोड, मी धरलं आहे. रंजीता उशाशी बसून हो हो म्हणत राहिली. पहाटे तिला स्टुलावर डुलकी लागली, आणि नर्सने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. लालसिंग न्यायला आला. याडीने सुनेच्या साड्यांची घडी घातली, पिशवीत नीट बसवल्या. दोघी दारात उभ्या होत्या.

"रंजे," याडी म्हणाली, "एक इचारू? त्या दिवशी त्यानं मले खोटं सांगतलं होतं ना?"

रंजीताने मान खाली घातली.

"मले तवाच समजलं होतं," याडी म्हणाली. "लेकरू खोटं बोलते तं आईले समजते. म्या काही बोलली नाही." तिने पिशवीची गाठ आवळली. "म्याबी माह्यंच पाह्यलं पोरी. माह्यानं तो उचलला गेला नसता."

लालसिंगने बाहेरून हाक दिली. जीप उभी होती. रंजीताने वाकून सासूच्या पायांना हात लावला. याडीने तिला उठवलं, पण जवळ घेतलं नाही. पिशवी तिच्या हातात दिली आणि वळून आत गेली. रिकाम्या खाटेच्या पायांखालच्या वाट्या तिने एकेक करून उचलल्या, त्यांतलं पाणी अंगणात ओतलं, आणि त्या घासायला बसली.

जीप मालेगावच्या रस्त्याला लागली. लालसिंग काहीबाही बोलत होता, रिसोडला मार्केटजवळ एका दुकानात बाईमाणसाची गरज आहे, विचारून ठेवलं आहे, असं. रंजीता हं म्हणत होती. तांड्यावरून निघताना सगळी घरं जागी होती, माणसं अंगणात होती. कुठं चालली म्हणून तिला कुणीही विचारलं नव्हतं.